नोकरीच्या अर्जातला ‘मी’

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझी एक जुनी विद्यार्थिनी हातात एक कागद घेऊन इब्रामपुरास माझ्या बिऱ्हाडी आली. नुकतीच ती वाणिज्य शाखेची पदवीधर झाली आहे. मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली, आणि तेव्हापासून आमच्या पेडणे तालुक्यात घरोघरी अर्ज लिहिण्याचे एक पर्वच सुरू झाले आहे. या मुलीने ज्या जागेसाठी अर्ज करावयाचे योजिले होते, तेथे नाव, वय, शिक्षण यांचा तक्ता तर मागितला होताच. पण त्याखेरीज, उमेदवाराने स्वतःविषयी दीडशे शब्दांत निवेदन लिहावे, अशीही अट होती. ते निवेदन मी वाचून पाहावे, एवढ्यासाठी ती आली होती.

मी वाचले. भाषा निर्दोष होती. उमेदवार कष्टाळू होती, प्रामाणिक होती, उत्साही होती, आव्हानांना सामोरी जाणारी होती आणि चारचौघांत मिसळून काम करणारी होती. परंतु ज्या मुलीला मी पाचवीपासून ओळखतो, ती त्या दीडशे शब्दांत कोठेच नव्हती. विचारले तेव्हा कळले, की असली निवेदने आता यंत्रावर तयार मिळतात. नाव तेवढे आपले घालावयाचे असते. मी म्हटले, “यातले एक वाक्य तरी तुझे लिही.” त्यावर ती जे बोलली, ते माझ्या मनातून जाईना. ती म्हणाली, “पण सर, माझ्याविषयी सांगण्यासारखं आहे तरी काय?”

मी इतिहास शिकवणारा मनुष्य. कागद माझ्यापाशी ठेवून ती गेली आणि त्या रात्री मी विचार करीत बसलो, की आपल्या या मुलखात काम मागणाऱ्या माणसाने स्वतःविषयी काय सांगितले? त्याला सांगू दिले तरी किती?

प्रथम महाभारतच आठवले. नोकरीसाठी केलेली एवढी जाणूनबुजून आखलेली मुलाखत आपल्या वाङ्मयात दुसरी क्वचितच सापडेल. विराटपर्वात पाच पांडव आणि द्रौपदी अज्ञातवासासाठी विराट राजाच्या दारी एकेकटे जातात आणि प्रत्येक जण आपल्याला काय येते ते सांगतो. युधिष्ठिर द्यूत जाणतो, भीम स्वयंपाक आणि कुस्ती जाणतो, अर्जुन नृत्यगायन, नकुल घोडे, सहदेव गुरे. पूर्वीची चाकरी विचारली जाते तेव्हा त्यांपैकी बहुतेक जण एकाच धन्याचे नाव सांगतात, आणि तो धनी म्हणजे युधिष्ठिर! सैरंध्री बनलेली द्रौपदी तर आपण पूर्वी द्रौपदीचीच वेणीफणी करीत होतो असे सांगते. नावे सारी खोटी. पण येणारी विद्या मात्र एकूण एक खरी. आणि त्याच महाभारतात, कर्णपर्वात, कृष्ण अर्जुनाला सांगतो की स्वतःची स्तुती करणे म्हणजे आत्महत्याच होय. आपल्याकडील मुलामुलींची लेखणी स्वतःविषयी लिहिताना का अडखळते, याचे एक कारण येथे असावे. ‘आत्मनिवेदन’ हा शब्दही आपल्याकडे नवा नाही. पण नवविधा भक्तीतील ती नववी पायरी, स्वतःला देवाच्या पायी अर्पण करण्याची. सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी आपल्या जन्माची हकीकत अभंगांतून सांगितली, तीही कोणाकडे काही मागण्यासाठी नव्हे. धन्यापुढे आपले गुण मांडणे आपल्या परंपरेला अवघडच वाटत आले.

युरोपातही हे सहजसाध्य होते असे नाही. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्या पदरी राहण्यासाठी एक पत्र सिद्ध केले. नोकरीसाठी लिहिलेल्या आत्मपरिचयाचा आद्य नमुना म्हणून त्याचा पुष्कळदा उल्लेख होतो. आज ज्याला जग चित्रकार म्हणून ओळखते, तो त्या पत्रात हलके पण भक्कम पूल, तोफा, झाकलेले युद्धरथ आणि वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढण्याच्या युक्त्या एकामागून एक सांगत जातो. चित्रकलेचा उल्लेख अगदी अखेरीस, शांततेच्या काळात उपयोगी म्हणून येतो. धन्याला लढाया करावयाच्या आहेत हे त्याने ओळखले होते. पण मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय वाटते. आपण कष्टाळू किंवा प्रामाणिक आहोत असे सांगत न बसता तो आपल्याला काय करून दाखवता येईल ते मोजून सांगतो. आणखी एक गंमत अशी, की त्या पत्राचा जो मसुदा आज उपलब्ध आहे, तो लिओनार्दोच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला नाही. एवढ्या मोठ्या माणसानेही आपला अर्ज दुसऱ्याकडून लिहवून घेतला होता!

गोव्याशी अगदी निकटचा संबंध असलेली अशी हजारो पत्रे रोममध्ये आजही जपून ठेवलेली आहेत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७७३ पर्यंत येशूसंघाच्या तरुण सभासदांपैकी ज्यांना ‘इंदिये’स, म्हणजे हिंदुस्थान, जपान, अमेरिका अशा दूरदेशी जाण्याची आस होती, ते आपल्या सर्वाधिकाऱ्याला स्वहस्ते विनंतीपत्र लिहीत. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली ज्या समुद्रमार्गाने गोव्यास आले, त्याच मार्गाने येऊ इच्छिणाऱ्यांची ही पत्रे. ती चौदा हजारांहून अधिक आहेत. ही इच्छा मनात प्रथम केव्हा उद्भवली, प्रकृती कशी आहे, कोणत्या भाषा येतात, आईबाप आड येतील काय, हे सारे त्यांत मोकळेपणी सांगितलेले असते. कित्येकांनी एकदा नकार आल्यावर पुनःपुन्हा लिहिले. बहुसंख्य लेखक आपल्याच गावी, आपल्याच शाळांतून शिकवीत मेले. त्यांना जहाज कधी लाभले नाही. त्या काळी सामान्य माणसाला ‘मी कोण आहे आणि मला काय हवे आहे’ असे धन्याला थेट लिहिण्याची मुभा असलेली उदाहरणे फार थोडी, म्हणून या ढिगाऱ्याचे मोल मला विशेष वाटते.

कारण त्याच काळी प्रत्यक्ष गोव्यात चित्र निराळे होते. येथे चाकरी केलेला पोर्तुगीज सैनिक आपल्या सेवेचे दाखले गोळा करी, ते घेऊन समुद्रपार लिस्बनला जाई आणि राजाकडे एखादी अधिकाराची जागा कृपा म्हणून मागे. अनुभवी सैनिक, माजी गव्हर्नर आणि राजदरबारचा अधिकारी यांच्यातील संवादाच्या रूपाने दियोगु दु कोतु याने या साऱ्या कारभाराची लक्तरे ‘सोल्दादु प्रातिकु’ या ग्रंथात टांगली. हाच कोतु गोव्यात १५९५ साली स्थापन झालेल्या दफ्तरखान्याचा पहिला रखवालदार. सेवेचे कागद सांभाळणे हेच ज्याचे काम, त्यानेच कागदांच्या जोरावर कृपा मिळवणाऱ्यांविषयी इतके कडवट लिहावे, हे बोलके आहे.

आता आपल्या मराठी राज्यांकडे वळू. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेला; तोपर्यंत तो सावंतवाडीकर भोसल्यांचा. येथील बुद्धिमान पण जमीन थोडी असलेल्या घरांतले तरुण घाट चढून पुण्याला आणि तेथून उत्तरेकडे शिंदे-होळकरांच्या दरबारी जात. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे रामचंद्रबाबा सुखटणकर शिंद्यांचे दिवाण झाले आणि त्यानंतर या किनाऱ्यावरची कितीतरी शेणवी मंडळी शिंदेशाहीत चढली. त्यांच्यांतले सर्वांत नाणावलेले नाव आमच्या तालुक्यातले, केरीचे जिवबादादा केरकर. महादजी शिंद्यांचे ते बक्षी झाले आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. अशा माणसांनी नोकरीसाठी काय लिहिले असेल? बहुधा काहीच नाही. गावचा, नात्याचा, ओळखीचा माणूस दरबारात असे, तो म्हणे, “हा आमक्याचा मुलगा, हाताशी ठेवावा.” उमेदवाराविषयी जे बोलावयाचे ते दुसरा बोले, त्याने स्वतः मुजरा करून गप्प राहावयाचे.

कागद लिहावयाचाच झाला, तर त्याची चौकट आधीच ठरलेली होती. हेमाडपंताच्या नावाने चालत आलेल्या मेस्तकात कोणी कोणाला कोणत्या मायन्याने लिहावे याचे नियम घालून दिलेले आहेत. कनिष्ठाने वरिष्ठाला लिहिताना आरंभी ‘स्वामीचे सेवेसी’, मग ‘आज्ञाधारक सेवक’, मग ‘कृतानेक विज्ञापना’. अर्धा कागद असा वाकण्यात संपे. लिहिणारा कोण, याहून तो किती खाली उभा आहे हे त्यातून अधिक कळे. पुढे इंग्रजी अमलात ‘युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ आले, तेव्हा आमच्या कारकुनांना ते मुळीच परके वाटले नसावे. शाळेत आजही अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ असे लिहावयास मीच शिकवीत आलो आहे, हेही येथे कबूल करून टाकतो.

याच जिवबादादांविषयी एक आख्यायिका आमच्याकडे सांगतात. बांद्याचे सत्पुरुष सोहिरोबानाथ आंबिये उत्तरेत गेले असता जिवबादादांनी त्यांची महादजींशी भेट घडवून आणली. महादजींनी आपली कविता त्यांना दाखवली आणि सोहिरोबांनी तिची स्तुती करण्याचे साफ नाकारले. दरबारी आश्रयाची गरज नसलेला मनुष्य कसा बोलतो, हे सांगण्यासाठी ही गोष्ट सांगितली जाते. पण श्रोतेहो, गरज नसलेल्याला बाणेदारपणा सोपा असतो. आपला विषय गरज असलेल्यांचा आहे.

एकोणिसाव्या शतकात गोव्यातून आणि कोकणातून मुंबईला जाणाऱ्या माणसांची रांग लागली. त्यांतले अनेक जण साहेबांच्या घरी आचारी, बटलर, वाढपी झाले. त्यांची सारी पत ‘चिठ्ठी’वर. साहेब बदलून जाताना नोकराला चार ओळींचा दाखला लिहून देई आणि नवा साहेब तो पाहून नोकर ठेवी. आपला ‘चिठ्ठी’ हा शब्द या व्यवहारातून इंग्रजीत इतका रुजला, की ‘चिट’ या रूपाने तो आज त्यांच्या कोशात आहे. मुंबई इलाख्याच्या मीठ व जकात खात्यात काम केलेल्या आणि गोव्याच्या सरहद्दीवरही राहिलेल्या एडवर्ड हॅमिल्टन एटकन यांचे ‘बिहाइंड द बंगलो’ हे पुस्तक १८८९ साली निघाले. त्यात आरंभीच नोकर ठेवण्याचा प्रसंग आहे आणि उमेदवारांच्या दाखल्यांची भरपूर थट्टा आहे. थट्टेची दुसरी बाजू मात्र पुस्तकात फारशी दिसत नाही. चिठ्ठी ज्याच्याविषयी, त्याला ती बहुधा वाचता येत नसे. आपल्याच खिशात आपली निंदा घेऊन दारोदार हिंडण्याचा प्रसंगही त्याच्यावर येऊ शके. आणि उसनी घेतलेली चिठ्ठी दाखवली म्हणून त्याला लबाड म्हणणारे साहेब, त्याने स्वतः सांगितलेले मात्र ऐकून घेत नसत.

हा इतिहास माझ्या घरातलाही आहे. माझे आजोबा तारवटी. बोटीवर वाढप्याचे काम करीत. गोव्याच्या खलाशाकडे जे सेवापुस्तक असते त्याला आमच्याकडे ‘नळी’ म्हणतात, कारण पूर्वी ते कागद पत्र्याच्या नळीत घालून नेत असत. इंग्लंडच्या १८५४ च्या नौकानयन कायद्यापासून खलाशाच्या वर्तनाचा अहवाल देण्याची पद्धत कायम झाली. सफर संपली की पुस्तकात दोन शिक्के पडत: एक कामातील कौशल्याबद्दल, एक एकंदर वागणुकीबद्दल. दोन्ही ठिकाणी ‘व्हेरी गुड’ असले की माणूस तरला. कप्तानाची मर्जी नसली तर तो वाईट असे काही लिहीत नसे; ‘अहवाल देण्यास नकार’ एवढाच शेरा मारी. हे शब्द पाहिले की दुसऱ्या बोटीचा अधिकारी पुस्तक मिटून परत देई.

आजोबांच्या नळीत एका सफरीपुढे हा शेरा आहे. बोटीचे नाव सांगत नाही. त्या वेळी ते आमच्या गावच्या लोकांनी मुंबईत चालवलेल्या कुडीत सात महिने पडून होते. कूड म्हणजे एकेका गावाने भाड्याने घेतलेली खोली. बोट मिळेपर्यंत तेथे पेटी ठेवावी, चटई पसरावी आणि वाट पाहावी. अखेर एका वडीलधाऱ्या गाववाल्या बटलरने शब्द टाकला तेव्हा त्यांना दुसरी बोट मिळाली. पुढच्या सर्व सफरींना दोन्ही शिक्के ‘व्हेरी गुड’ आहेत. त्या एका सफरीत काय झाले ते आजोबांनी आजीला सांगितले होते, आजीने वडिलांना. पण त्या पुस्तकात ते कोठे नाही. पुस्तक त्यांचे, फोटो त्यांचा, अंगठ्याचा ठसा त्यांचा. लिहावयाला जागा मात्र त्यांच्यासाठी एका ओळीचीही नव्हती.

पण ज्यांच्यासाठी दारच बंद होते, त्यांचे काय? चिठ्ठी असो की शिफारस, तिचा उपयोग उमेदवार म्हणून उभे राहता येणाऱ्याला. पेशवाईच्या अखेरीस आणि कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १८९२ च्या सुमारास सरकारने त्यांची भरती थांबवली. नाकारण्याचे कारण कोणा एकाच्या वागणुकीत नव्हते, जन्मात होते. तेव्हा महाडजवळच्या गावचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीस राहिलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरसेनापतीला देण्यासाठी एक अर्ज तयार केला. आमच्या लोकांनी आजवर काय केले आहे ते पाहा आणि आम्हांस फौजेत घ्या, अशी ती मागणी. एका माणसाच्या पोटासाठी लिहिलेला तो अर्ज नव्हता; संपूर्ण समाजाचा आत्मपरिचय होता. पण निवृत्त महार अंमलदारांच्या सह्या त्यावर मिळाल्या नाहीत. सही केली तर निवृत्तिवेतन बंद होईल, ही त्यांना भीती. आणि अर्ज पुढे गेला नाही, असे या काळाचे अभ्यासक सांगतात. त्या माणसांना मी भित्रे म्हणणार नाही. खरे ते लिहूनही त्याखाली नाव घालता येऊ नये, इतकी ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात, त्याची अवस्था आपण समजून घेतली पाहिजे. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार यांनीही या भरतीबंदीविरुद्ध अर्ज लिहवून घेण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांकडे धाव घेतली होती, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे.

पुढे १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांच्या परिषदेतर्फे थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. सरकारी खात्यांतील खालच्या जागा, पोलिसातील शिपाईगिरी आणि फौजेतील भरती, एवढेच मागणे. हे कांबळे पुण्यात मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते आणि १९०८ पासून ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र चालवीत होते. ज्या पेशातल्या माणसाची योग्यता साहेबाच्या चिठ्ठीवरून ठरे, त्याने आपल्या लोकांची योग्यता स्वतः लिहून साम्राज्याच्या मंत्र्यापुढे ठेवली, हे मला त्या शतकातले मोठे लेखन वाटते. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महारांची पलटण उभारली गेली. १९२१ मध्ये मोडली. आणि १९४१ च्या ऑक्टोबरात महार रेजिमेंट स्थापन झाली. गोपाळबाबांचा अर्ज लिहिला गेल्याला तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती.

गोव्यात सरकारी नोकरीची दारे हिंदूंना खऱ्या अर्थाने १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकानंतर उघडली. अर्ज लिहावयाचा तो सरकारी मुद्रेच्या, पंचवीस रेघांच्या कागदावर. आरंभ ठरलेला: अमुक, अमक्याचा व अमकीचा मुलगा, अविवाहित अथवा विवाहित, अमुक गावचा जन्म, अमुक ठिकाणी राहणारा, शेवटी विनंती मान्य व्हावी, ही प्रार्थना. तालुक्यातील ज्याला पोर्तुगीज लिहिता येई त्याच्याकडे जाऊन, त्याला चार पैसे किंवा नारळ देऊन, तो लिहवून घ्यावा लागे. मधल्या काळात सालाझारची राजवट आली, आणि तिने पोर्तुगालात १४ सप्टेंबर १९३६ च्या फर्मानाने सरकारी नोकरीच्या उमेदवारावर एक वेगळेच आत्मनिवेदन लादले. १९३३ च्या राज्यघटनेने स्थापलेली समाजव्यवस्था आपणांस मान्य आहे आणि साम्यवाद व सर्व विध्वंसक विचार यांचा आपण सक्रिय धिक्कार करतो, असे त्याने स्वतःच्या प्रतिष्ठेवर जाहीर करावयाचे. म्हणजे वाक्यात ‘मी’ आला. पण त्या ‘मी’च्या तोंडी घालावयाचे शब्द सरकारने छापून दिलेले!

१९ डिसेंबर १९६१ नंतर हा सारा सरंजाम गेला. आमच्याच पेडण्यात जन्मलेले भाऊसाहेब बांदोडकर १९६३ साली मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. शिक्षक हवे होते, तेव्हा जो लिहितावाचता होता त्याला विचारणा होत असे. सरकारी अर्ज आजही बहुतांशी दाखल्यांचाच असतो: पंधरा वर्षांच्या रहिवासाचा, जन्माचा, रोजगार केंद्राच्या नोंदणीचा. त्यात उमेदवार कसा आहे हे कोणी विचारत नाही, आणि एका परीने त्यात न्यायही आहे. कारण गोड लिहिणाऱ्याला तेथे जास्त गुण नाहीत. खाजगी क्षेत्राने मात्र गेल्या काही वर्षांत ही नवी मागणी पुढे आणली: तुमच्याविषयी तुम्हीच सांगा.

तेव्हा शतकानुशतके ज्याच्या वतीने गाववाला बोलला, साहेब बोलला, कप्तान बोलला, सरकार बोलले, त्या माणसाच्या नातवंडांपुढे आता एकाएकी कोरा कागद ठेवून म्हटले जाते, बोला. शहरातील सुशिक्षित घरांतली मुले आईवडिलांचे पाहून हे शिकतात. आमच्याकडे घरात पूर्वी कोणी असा कागद लिहिलेलाच नसतो. मग यंत्राने दिलेली वाक्ये उचलली तर नवल काय? दोष देताना मला माझा स्वतःचा पहिला अर्ज आठवतो. तो मी एका ज्येष्ठ शिक्षकांच्या अर्जावरून उतरवला होता, आणि ‘अभ्यासेतर उपक्रमांत विशेष रुची’ हे त्यांचे वाक्यही त्यात जसेच्या तसे आले होते. मुलाखतीत विचारले, “कोणते उपक्रम?” मी घाम पुसत उभा राहिलो. ती जागा मला मिळाली नाही, आणि ते योग्यच झाले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. मी म्हटले, “तुझे गुण राहू देत. गेल्या तीन वर्षांत तू काय केलेस ते सांग.” ती प्रथम कॉलेजचे बोलू लागली. मग बोलता बोलता काजूवर आली. त्यांनी काजूची बाग मक्त्याने घेतलेली आहे. मार्च ते मे वडील आणि भाऊ बोंडूंच्या मागे, भट्टीच्या मागे. बिया गोळा करणाऱ्या बायांचे रोजचे वजन, त्यांचा आठवड्याचा हिशेब आणि बियांची विक्री ही हिच्याकडे. सलग तीन हंगाम. एका वर्षी तिच्या लक्षात आले, की घरी मोजलेले पोते व्यापाऱ्याच्या काट्यावर दर खेपेस दीड-दोन किलोने कमी भरते. ती भांडली नाही. प्रत्येक पोत्याचे दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहीत गेली आणि हंगामाच्या अखेरीस ती वही घेऊन व्यापाऱ्याकडे वडिलांना घेऊन गेली. पुढल्या वर्षापासून त्याने पोती तिच्यासमोर, दुसऱ्या काट्यावर मोजावयास सुरुवात केली. बायांच्या मजुरीत मात्र तिने एकाही आठवड्याला चूक होऊ दिली नव्हती.

“हे लिहायचं?” तिने विचारले. “तिथे विमानतळाचे लोक, त्यांना काजूचं काय?” ती ज्या जागेसाठी अर्ज करीत होती ती मालाच्या नोंदी ठेवण्याची होती.

आम्ही बसलो. लिहिले तिने, मी फक्त शुद्धलेखन पाहिले आणि इंग्रजीतले दोन ठिकाणचे काळ दुरुस्त केले. कष्टाळू, प्रामाणिक, उत्साही हे तिन्ही शब्द तिने आपण होऊन खोडले. व्यापारी गावातलाच असल्यामुळे काट्याची गोष्ट ठेवावी की नाही, यावर मात्र पुष्कळ वेळ गेला. शेवटी त्याचा उल्लेख टाळून, दोन काट्यांच्या नोंदी ठेवून फरक उघडकीस आणला, एवढे तिने ठेवले. शब्द मोजले ते एकशे एकेचाळीस भरले. उरलेल्या नऊंत काय घालू, म्हणून तिने विचारले. मी म्हटले, काही नको.

अर्ज गेला आहे. उत्तराची वाट ती पाहते आहे, आणि खरे सांगावयाचे तर मीही पाहतो आहे. तिचा पहिला कागद माझ्याकडेच राहिला. त्याच्या पाठीमागे, कोऱ्या बाजूवर, त्या दिवशी मला समजावून सांगताना तिने एका पोत्याचे दोन काट्यांवरचे आकडे मांडले होते, ते पेन्सिलीत अजून आहेत.